समीकरणाचं 'मूळ' की 'उकल'?

प्रश्न असा आलाय की दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणाची 'मुळे' पण म्हणतात आणि 'उकल' पण, मग हे एकच का, आणि लिहायचं 'मुळे' की 'मूळे'?

शाळेपुरतं एकच. जी किंमत घातल्यावर समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या होतात ती उकल, आणि तेच त्याचं मूळ. पण मला वाटतं खरा गोंधळ तिसऱ्या शब्दाचा आहे, 'उत्तर'. मूळ असतं समीकरणाचं आणि उत्तर असतं प्रश्नाचं, आणि हे दोन दरवेळी जुळतीलच असं नाही.

भास्कराचार्यांच्या (जन्म 1114, ज्यांच्या नातवाने कोरून घेतलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे) बीजगणितात वानरांची दोन गणितं आहेत ती बघाच. पहिल्यात टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरं रानात खेळतायत आणि 12 टेकडीवर आहेत, तर एकूण किती? सूत्रात घातलं, म्हणजे आपलं ते 'वजा बी प्लस मायनस रूट बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए', की 48 आणि 16 येतात आणि दोन्ही चालतात. दुसऱ्यात टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी गुहेत गेली आणि एक दिसतंय. मांडणी केली की क्ष वर्ग वजा 55 क्ष अधिक 250 बरोबर शून्य, विवेचक (म्हणजे सूत्रातला 'बी वर्ग वजा चार एसी' हा भाग) 2025, त्याचं वर्गमूळ 45, म्हणून 50 आणि 5. आता 5 घेऊन बघा, पाचवा भाग 1, त्यातून 3 गेले की वजा 2 वानरं! वर्ग केला की 4 होतात म्हणून समीकरण बिनतक्रार जुळतं, पण भास्कराचार्य म्हणतात 5 घ्यायचं नाही, ऋण संख्येची वानरं लोकांना पटत नाहीत. म्हणजे 5 हे मूळ आहे, उत्तर नाही. किती सुंदर उदाहरण आहे हे, पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर हवं!

गंमत म्हणजे ते स्वतः या किमतीला 'मान' म्हणतात, अव्यक्ताचं (म्हणजे अज्ञात संख्येचं) मान कधीकधी दोन प्रकारचं येतं असं. संस्कृत गणितात मूल म्हणजे मुख्यतः वर्गमूल, घनमूल. अज्ञात संख्येलाच मूळ म्हणायची पद्धत नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीकडे दिसते, त्याचा शब्द 'जिध्र', म्हणजे झाडाचं मूळ, लॅटिनमध्ये त्याचं 'रॅडिक्स' झालं आणि पुढे इंग्रजीत 'रूट'. आपलं 'समीकरणाचं मूळ' माझ्या मते या रूटवरून शाळेत आलं, पण 'मूळ' हा शब्द आपल्याकडे आधीपासून असल्याने कुठे उपरा वाटत नाही.

लिहिताना 'मूळ' दीर्घ, पण मुळे, मुळांची, मुळाचा हे सगळे ऱ्हस्व, जसं फूल, फुले, फुलांची. बोलताना 'मुळं' म्हणा खुशाल. आणि उकल स्त्रीलिंगी: ती उकल, त्या उकली.