मैदा वजा करून पेस्ट्री: वाचकांचे प्रश्न

कमी कर्बोदकांच्या न्याहारीबद्दल मागवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच गोळ्याभोवती फिरतात: वितळवलेलं चीज आणि बदामाचं पीठ. त्यामुळे मूळ प्रमाण पहिल्या उत्तरात देतो. पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न: मोझरेला मायक्रोवेव्हमध्ये वितळवून त्यात बदामाचं पीठ मळते. कधी गोळ्याला तेल सुटतं, कधी लाटताना चिरा जातात. नेमकं कुठे चुकतंय? (वाचक, दादर)

तापमानात. मैद्यात ग्लुटेन हे चिवट प्रथिन असतं, म्हणून गार कणीकही ताणली जाते. इथे ताण देतं ते फक्त चीज, आणि तेही गरम असेपर्यंतच. मोदकाची उकड आठवा: हाताला सोसेल इतकी गरम असताना मळली तर लोण्यासारखी, गार झाली की कडा फाटणार. हा गोळाही तसाच वागतो.

6 पेस्ट्रींसाठी: मोझरेला 150 ग्रॅम, क्रीम चीज किंवा घट्ट चक्का 30 ग्रॅम, बदामाचं पीठ 85 ग्रॅम, 1 अंडं, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, मीठ चिमूटभर (चीज खारट असतं, हात आखडता ठेवा). बेकिंग पावडर आधीच पिठात मिसळून चाळून घ्या. मोझरेला आणि क्रीम चीज काचेच्या भांड्यात 1 मिनिट गरम करा, ढवळा, पुन्हा 30 सेकंद. मायक्रोवेव्ह नसेल तर उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवा. एकजीव झालं की थांबा. चीजला बुडबुडे आले म्हणजे उशीर झालाच: प्रथिनं आक्रसतात आणि धरून ठेवलेली चरबी बाहेर टाकतात. तुमचं सुटलेलं तेल ते हेच. तसं झालं तर गोळा 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून 1 मोठा चमचा पीठ घालून मळा, बरंचसं सावरतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. वितळलेल्या चीजमध्ये आधी पीठ, मग फेटलेलं अंडं. उलट केलंत तर गरम चीजमध्ये अंड्याच्या कण्या होतात. हाताला तेल लावून दोनेक मिनिटं मळा. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की गोळा तयार. लगेच दोन कागदांमध्ये ठेवून 20 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर, साधारण 5 मिलिमीटर जाड लाटा आणि 10 सेंटिमीटरचे 6 चौकोन कापा. चिरा जायला लागल्या तर पाणी अजिबात घालू नका. 15 ते 20 सेकंद पुन्हा गरम करा, एवढंच. साधा बटर पेपर चिकटतो. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर घ्या, नाहीतर बटर पेपरला तेलाचा हात फिरवा.

आत 1 मोठा चमचा पनीर, मिरची, कोथिंबीर. टोमॅटो कच्चा घालू नका, पाणी सुटून तळ ओला राहतो. कडा काट्याने दाबा, वर दोन टोचे मारा, 190 अंशांवर 14 ते 16 मिनिटं भाजा. ट्रेवरच 10 मिनिटं निवू द्या. ओव्हनमधून काढल्यावर त्या मऊच लागतात. निवताना चीज आवळतं तेव्हा कडक होतात.

आणखी एक शंका: मोझरेलाऐवजी कधी क्यूब किंवा स्लाइसचं प्रोसेस्ड चीज वापरत असाल तर हा गोळा जमणार नाही. त्यातल्या इमल्सिफायर (चरबी आणि पाणी एकत्र धरणाऱ्या) क्षारांमुळे ते ताणलं न जाता सॉससारखं पातळ होतं. मोझरेलाचा ठोकळा आणून घरी किसा. तयार किसलेल्या चीजला बऱ्याचदा स्टार्च लावलेला असतो.

प्रश्न: बदाम घरी दळले तर लगदा होतो. विकतचं पीठ महाग पडतं. (वाचक, गिरगाव)

क्रॉफर्ड मार्केट किंवा मशीद बंदरहून बदाम आणून घरी दळणं नक्कीच परवडतं, पण मिक्सर सलग चालवू नका. बदामात निम्मा भाग तेल आहे, भांडं तापलं की ते सुटतं. बदाम उकळत्या पाण्यात 1 मिनिट ठेवून सोला. मग वाळवणं, आणि मुंबईत खरी अडचण इथेच येते. जुलैत पंख्याखाली दोन दिवस ठेवले तरी आत ओल राहते. ओव्हन 80 अंशांवर ठेवून दार किंचित उघडं ठेवा, तासाभरात कोरडे होतात. पूर्ण गार झाल्यावर चटणीच्या भांड्यात एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा कमी घेऊन 4-5 सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, चाळा, चाळणीवरचं परत घाला. गारवा मिळावा म्हणून बदाम फ्रिजमधून काढून दळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या दमट हवेत गार बदामांवर लगेच पाणी धरतं आणि पीठ गोळे होऊन बसतं. तो सल्ला कोरड्या गावांसाठी ठीक आहे.

प्रश्न: बदामाऐवजी खोबऱ्याचा कीस चालेल का?

नाही. कीस म्हणजे नारळाचं पीठ नव्हे. पिठातलं बरंचसं तेल काढलेलं असतं आणि ते पाणी प्रचंड शोषतं, म्हणून 85 ग्रॅम बदामाच्या पिठाच्या जागी ते 30 ग्रॅमच घ्यायचं आणि अंडी 2.

प्रश्न: आमच्याकडे अंडं चालत नाही. (वाचक, विलेपार्ले)

1 मोठा चमचा सत इसबगोल 3 मोठे चमचे कोमट पाण्यात 5 मिनिटं भिजवा आणि तो चिकट गोळा अंड्याच्या जागी घाला. इसबगोल साधा हवा. फळांच्या चवीच्या पाकिटांत साखर असते. भाजण्याची वेळ 4-5 मिनिटांनी वाढवा, कारण इसबगोल धरलेलं पाणी सहजी सोडत नाही. आत जांभळट झाक दिसली तर घाबरू नका, इसबगोलने कधी कधी येते, चव तीच राहते. वरून लोणी लावल्याशिवाय रंग मात्र येत नाही.

प्रश्न: ओव्हन नाही आणि सकाळी 7.40 ची लोकल पकडायची असते. (वाचक, मुलुंड)

मग पेस्ट्री रविवारसाठी ठेवा आणि आप्पेपात्र काढा. 2 अंडी, 60 ग्रॅम बदामाचं पीठ, 50 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, 1 मोठा चमचा तूप, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, जिरं. मिश्रण भज्यांच्या पिठाइतकं घट्ट हवं. पात्र तापवून तूप सोडा, साचे पाऊण भरा, अगदी मंद आचेवर झाकून 4 मिनिटं, उलटून आणखी 2 ते 3. आच मोठी ठेवलीत तर बदाम तळाशी आधी करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो. साधारण 12 होतात.

एअर फ्रायर असल्यास वरच्या पेस्ट्रीला 165 अंश आणि 9 ते 11 मिनिटं पुरतात. रिकामा कागद आत ठेवून फ्रायर तापवू नका, कागद उडून तारेला चिकटतो.

प्रश्न: इराणी बेकरीतल्यासारखी खारी कमी कर्बोदकांत होईल का?

होणार नाही. खारीचे पदर म्हणजे मैद्याचे पातळ पापुद्रे आणि मधल्या चरबीचे थर. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होते, ग्लुटेनचा पापुद्रा ती अडवतो आणि वर उचलला जातो. बदामाच्या पिठाला असा पापुद्राच नसतो, कितीही घड्या घाला. "पदरवाली कीटो (म्हणजे अगदी कमी कर्बोदकांची) खारी" असं कुठे दिसलं तर साहित्यातल्या पिठाचं नाव आधी वाचा. चवीच्या जवळ जायचं असेल तर पहिल्या उत्तरातला गोळा 3 मिलिमीटर लाटून जिरं-ओवा दाबा, पट्ट्या कापा, 180 अंशांवर 12 मिनिटं भाजा आणि मग 140 अंशांवर 15 मिनिटं वाळवा. कुरकुरीत होतात. चहात बुडवू नका मात्र, तेलाचा तवंग येतो.

प्रश्न: गोड पेस्ट्रीसाठी गूळ किंवा खजूर घातला तर? (वाचक, ठाणे)

गूळ ही साखरच, फक्त रंगाने वेगळी. खजुरातही 100 ग्रॅममागे 65 ग्रॅमच्या वर कर्बोदकं. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घ्या. साखरेच्या साधारण 70 टक्के गोड असतं. दळूनच वापरा, नाहीतर निवल्यावर खडे परत जमतात आणि दाताखाली कचकच होते. जिभेला किंचित गारवाही लागतो, वेलची-केशरात तो लपतो. 60 ग्रॅम चक्का, 15 ग्रॅम एरिथ्रिटॉल, वेलची, केशर, 1 पिवळा बलक: हे सारण भाजताना घट्ट बसतं. बलक नको असेल तर भाजून झाल्यावर भरा. चक्का रात्रभर टांगलेला हवा. बाजारातलं श्रीखंड नको, त्यात साखर असते. "शुगर फ्री" लिहिलेल्या पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्टिटॉल दिसलं तर परत ठेवा. दोन्ही रक्तातली साखर वाढवतात, माल्टिटॉलने पोटही बिघडतं.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. रोज दिली तर चालेल? एकात किती कर्बोदकं?

तंतू वगळून एका पेस्ट्रीत साधारण अडीच ग्रॅम, सारण धरलेलं नाही. तुलनेला, 30 ग्रॅम मैद्यात 22-23 ग्रॅम असतात. पण उष्मांक एका पेस्ट्रीत 180 च्या आसपास आहेत, म्हणजे चार खाल्ल्या तर वजन काही उतरणार नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर कर्बोदकं एकदम कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर फार कमी कर्बोदकांचा आहार कीटोअॅसिडोसिसचा (रक्तात आम्लं साचण्याचा) धोका वाढवतो. न्याहारी बदलण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, नुसतं फोनवर विचारू नका.

प्रश्न: किती दिवस टिकतात?

पावसाळ्यात ओट्यावर संध्याकाळपर्यंतही नाही. फ्रिजमध्ये 3 दिवस. भाजून, पूर्ण निववून, एकेक सुटी गोठवली तर महिनाभर. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, रबर होतं. 160 अंशांवर 6-7 मिनिटं, फ्रीझरमधून थेट असेल तर 10.