घोडं अडतंय कुठे? लॅपटॉपच्या अपडेटविषयी वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून आलेली बहुतेक पत्रं एकाच वाक्यावर संपतात: 'अपडेट होत नाही.' एवढ्यावरून उत्तर देणं कठीण जातं. अपडेट आधी डाउनलोड होतं, मग इन्स्टॉल होतं, मग रीस्टार्टच्या वेळी फायली बदलल्या जातात आणि शेवटी लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. यातल्या कुठल्या टप्प्यावर घोडं अडलं ते लिहा, जमल्यास पडद्याचा फोटो पाठवा. उत्तरांत सेटिंग्जची नावं विंडोज ११ प्रमाणे दिली आहेत. आज्ञा टाइप करताना मात्र अक्षरं रोमनच हवीत.

प्रश्न : लॅपटॉप तीन तास '३० टक्के' दाखवत थांबला आहे. 'संगणक बंद करू नका' असंही लिहून येतं. आमच्याकडे दुपारी वीज जाते. बॅटरी संपायच्या आत बटण दाबून बंद करू का? (कराड)

आधी तो खरंच थांबलाय का ते बघा. हार्ड डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकत असेल तर काम चालू आहे. दिवा नसेल तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे यंत्र बहुधा जिवंत आहे. टक्केवारीवर विश्वास ठेवू नका, ती वेळेच्या प्रमाणात सरकत नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या लॅपटॉपवर महिन्याचं अपडेट साधारण दहा-वीस मिनिटांत उरकतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तेच काम तासावर जातं, आणि वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट असेल तर अख्खी दुपार खातं.

तीन तासांत आकडा हलला नसेल, दिवाही मेलेला असेल, तर आधी माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल सगळं काढा. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून बघा, कधी कधी तेवढ्यानेही लॉगिनचा पडदा येतो. नाहीच आला तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर 'बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचा मजकूर आला तर मात्र हात लावू नका. विंडोज आपलंच काम उलटवत असते आणि त्यात दुसऱ्यांदा वीज तोडली की फायली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या राहतात. खरं नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या धक्क्याने होतं.

सलग दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडला, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. महिन्याचं अपडेट काढायचं असेल तर 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट', मोठं असेल तर 'लेटेस्ट फीचर अपडेट'. तुमच्या फायलींना यात धक्का लागत नाही.

लॅपटॉप सुरू झाल्यावर दुरुस्तीच्या दोन आज्ञा द्या. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (ॲडमिन) उघडा. पहिली आज्ञा: 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा मोकळी सोडायची. बिघडलेल्या फायलींच्या जागी ही आज्ञा इंटरनेटवरून चांगल्या फायली आणते, म्हणून नेट चालू हवं. ती ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखी दिसते, घाबरू नका. ती संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम उलटा करू नका. एसएफसी ज्या साठ्यातून फायली घेते तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करते. साठा नासका असेल तर त्यातून घेतलेली फाइलही नासकीच येणार.

एवढं करूनही दर महिन्याला हेच होत असेल तर संशय डिस्कवर घ्या. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती दाखवतं. पिवळा 'कॉशन' दिसला आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्य नसेल, तर अपडेटचा नाद सोडून आधी फायली दुसरीकडे घ्या.

आणि विजेचं: बॅटरी चांगली असेल तर तासाभराच्या भारनियमनाची भीती नाही. बॅटरी अर्धा तासही धरत नसेल तर रीस्टार्ट रात्री, वीज टिकते त्या वेळी द्या.

प्रश्न : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवते. रोजचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपतो. अपडेट बंद करू का? (जत)

बंद करू नका, रेशनवर ठेवा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, तुमच्या हॉटस्पॉटचं नाव, आणि तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नेट मोजून मिळतंय हे मग विंडोजला कळतं आणि बहुतेक अपडेट ती आपणहून उतरवत नाही. वनड्राइव्हही थांबतं. हे फक्त त्या हॉटस्पॉटपुरतं लागू होतं, त्यामुळे बहिणीकडे ब्रॉडबँडवर लॅपटॉप जोडलात की अपडेट नेहमीसारखी येतील. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मीटर्ड कनेक्शनवरही डाउनलोड करा' असा खटका आहे, तो बंद असल्याची खात्री करा. तिथेच 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' दिसेल. त्यात इंटरनेटवरच्या संगणकांची परवानगी चालू असेल तर तुमचा लॅपटॉप अनोळखी लोकांना अपडेटचे तुकडे पुरवत बसतो. तुमच्या पैशांनी पाणपोई! बंद करा.

दुसरा मार्ग: चांगलं नेट असलेल्या ठिकाणाहून पेनड्राइव्हवर अपडेट आणा. 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' या संकेतस्थळावर अपडेटच्या नावातला 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक टाकून शोधा. यादीतून आपल्या विंडोजची आवृत्ती आणि 'एक्स६४' जुळणारी ओळ घ्या. आवृत्ती कळण्यासाठी विंडोज आणि आर एकदम दाबून 'विनव्हर' टाइप करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून डाउनलोडच्या खिडकीत कधी कधी दोन फायली दिसतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्यातली जुनी ही नव्या फाइलचा पाया असते, ती नसेल तर नवी बसतच नाही. संपूर्ण विंडोजची आयएसओ फाइल आणायची असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही आणि आयएसओ ५ जीबीच्या वर असते. 'पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, तरी जागा नाही म्हणतो' या तक्रारीचं मूळ हेच.

प्रश्न : दुकानातला लॅपटॉप २०१६ चा, आय५-६२००यू, विंडोज १०. बेदाण्याच्या सौद्यांचे सगळे हिशेब त्यावर आहेत. एक जण म्हणतो, 'हजार रुपयांत विंडोज ११ टाकून देतो.' टाकू का? (तासगाव)

नका टाकू, निदान हिशेबाच्या लॅपटॉपवर तरी.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही, पण त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं उघडीच राहतात. वाढीव मुदतीसाठी मायक्रोसॉफ्टची 'ईएसयू' योजना आहे. घरगुती वापराच्या संगणकांना तीत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, नवी वैशिष्ट्यं नाहीत. आवृत्ती २२एच२ हवी आणि ॲडमिन असलेलं मायक्रोसॉफ्ट खातं हवं. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे नोंदणीची ओळ दिसते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडलात तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत चालतं.

आता त्या हजार रुपयांविषयी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी जवळजवळ सगळी आठव्या पिढीपासून सुरू होते. पिढी ओळखायची तर आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा: ६२०० म्हणजे सहावी, ८२५० म्हणजे आठवी. तुमचा सहावीतला, तेव्हा तो यादीत नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, चालतेही. पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाचं मोठं अपडेट आपणहून येत नाही, दर वेळी पुन्हा तोच जुगाड. हजार रुपये घेणारा पुढच्या वर्षी फोन उचलेल का, हा हिशेब तुम्हीच करा.

ज्यांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे आणि तरी 'पात्र नाही' असं येतं, त्यांनी विंडोज आणि आर दाबून 'टीपीएम.एमएससी' बघावं. पुष्कळदा टीपीएम असतो, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद असतो. इंटेलच्या लॅपटॉपवर त्याचं नाव 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम'. चालू केला की काम झालं.

तुमच्यासाठी आमचा सल्ला: आजच ईएसयूची नोंदणी, हिशेबाचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर, आणि मुदत संपायच्या आत नवा लॅपटॉप. तोवर वेग हवा असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, ती एसएसडीच पुढे बाहेरची डिस्क म्हणूनही वापरता येईल.

प्रश्न : अपडेटनंतर निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतो. मी असं काही लावलंच नव्हतं. (मिरज)

तुम्ही लावलं नसेल, लॅपटॉपने लावलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप, आपोआप सुरू होतं. कुलपाची चावी टीपीएममध्ये असते. अपडेटबरोबर बायोसही बदललं, की टीपीएमला यंत्र अनोळखी वाटतं आणि तो चावी देत नाही. हा व्हायरस नाही.

मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा आणि 'डिव्हाइसेस'मध्ये रिकव्हरी की शोधा. ती ४८ अंकी असते. पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या, कारण घरात दोन लॅपटॉप असले तर दोन चाव्या दिसतात. लॅपटॉप पहिल्यांदा मुलाच्या किंवा दुकानदाराच्या खात्याने सुरू केला असेल तर चावी त्यांच्या खात्यात मिळेल. कॉलेजच्या खात्याने केला असेल तर कॉलेजच्या संगणक विभागाकडे. चावी कुठेच नसेल तर डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकता येते, जुन्या फायली मात्र मिळत नाहीत. 'काढून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यापासून मंगल फॉन्ट गायब आहे. प्रश्नपत्रिकांची पानं सरकली. मराठी कीबोर्डही गेला. (वाई)

विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले आहेत. भाषा फक्त इंग्रजी निवडून विंडोज टाकली की तो गठ्ठा येत नाही. मग वर्ड मंगलऐवजी निर्मला वापरतं. त्याची अक्षरं वेगळ्या रुंदीची, म्हणून ओळी पुढच्या पानावर जातात. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि त्यात 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. फायलींना हात लावायची गरज नाही, फॉन्ट आला की पानं जागेवर येतात.

कीबोर्डसाठी टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडा. जुन्या फायलींत 'क'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील तर त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या आहेत. तो फॉन्ट वेगळा टाकावा लागेल, मंगलने त्या वाचता येणार नाहीत.

प्रश्न : ०एक्स८००७०६४३ ही चूक पुन्हा पुन्हा येते. सी ड्राइव्हवर ४० जीबी मोकळे आहेत. (कोरेगाव)

अपडेटचं नाव केबी५०३४४४१ असेल तर अडचण सी ड्राइव्हची नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं हे अपडेट लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये (दुरुस्तीसाठी राखलेल्या डिस्कच्या भागात) बसतं आणि तिथे २५० एमबी मोकळे लागतात. जुन्या लॅपटॉपवर ते पार्टिशनच जेमतेम ५०० एमबीचं असतं. ते वाढवायचं म्हणजे डिस्कची फेरमांडणी आली. बॅकअप आणि सवय, दोन्ही नसतील तर करू नका. बाकीची अपडेट येत असतील तर एवढं एक राहिल्याने लॅपटॉप अडत नाही.

हीच चूक डॉटनेटच्या अपडेटलाही येते, तिथे कारण वेगळं. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी, ०एक्ससी१९००१०१ बहुधा ड्रायव्हरचा (यंत्राचे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ, ०एक्स८००७३७१२ आलं तर कराडच्या उत्तरातल्या दोन आज्ञा द्या.

प्रश्न : कपाटात सहा महिने पडलेला लॅपटॉप काढला. अपडेट ०एक्स८००७२एफ८एफ म्हणतं, बऱ्याच वेबसाइटही उघडत नाहीत. (पाटण)

तारीख बघा, चुकलेली असेल. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात. ती दुरुस्त करा. चार्जर काढून रात्रभर ठेवल्यावर पुन्हा मागे गेली, तर आतला ३ व्होल्टचा सेल संपला आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, काहींत वायर आणि पिनसकट येतो. जुना काढून दुकानात नमुना म्हणून न्या.

प्रश्न : सेवा केंद्रात दाखल्यांची रांग असताना लॅपटॉप रीस्टार्ट होतो. अपडेट कायमचं बंद कसं करायचं? (सांगली)

कायमचं नको, तुमच्याकडे लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे कागद असतात. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' हाताने भरा, सकाळी ७ ते रात्री ११. जास्तीत जास्त १८ तास देता येतात आणि त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. तिथला 'लवकरात लवकर अपडेट करा' हा खटका बंद ठेवा.

महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणजे तुमच्याकडे ते बुधवारी सकाळी येऊन थडकतं. त्याच्या आदल्या दिवशी 'पॉज'वर एक आठवडा निवडा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. मधल्या काळात काही गडबड निघालीच तर बातमी येते. मग शनिवारी केंद्र बंद केल्यावर चार्जर लावून स्वतः 'रिझ्यूम अपडेट्स' दाबा, आणि कुलूप लावायच्या आधी एकदा प्रिंटर व अंगठ्याचं यंत्र चालवून बघा. अपडेटनंतर रुसतात ती बहुतेक हीच दोन.