बंगल्यावर १० किलोवॉटचं सोलर बसवावं का? खर्च किती येईल आणि किती किलोवॉट लागेल, हे कसं ठरवायचं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. साताऱ्यात बंगला, महिन्याला सरासरी ६०० युनिट, बिल साडेआठ-नऊ हजार, दोन एसी, येत्या वर्षात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार. सोलरवाला म्हणतोय, "गच्ची मोठी आहे, १० किलोवॉट टाकून मोकळे व्हा."

माझं मत स्पष्ट आहे. आज तुम्हाला ५ किलोवॉट पुरेल, गाडी नक्की येणार असेल तर साडेसहा-सात. १० घेऊ नका. आमच्या कराडच्या घरावर ६ किलोवॉट आहे आणि नातेवाइकांची, शेजाऱ्यांची बरीच कोटेशनं माझ्या हातून गेली आहेत. जवळपास प्रत्येकात सिस्टिमची साइझ गच्चीवरून ठरवलेली असते. ती ठरवायची वर्षभराच्या युनिटवरून.

महावितरणच्या ॲपवर किंवा जुन्या बिलांवर मागच्या बारा महिन्यांचे युनिट मिळतील. रुपये बघू नका, युनिटच बघा. तुमचे वर्षाचे साधारण ७,२०० होतात. आपल्या भागात १ किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. धूळ, ढग, वीज गेल्यावर बंद पडणं हे सगळं धरून मी वर्षाला १,४०० युनिट पकडतो. ७,२०० भागिले १,४०० म्हणजे ५ किलोवॉटच्या जरा वर. गाडी रोज ३० किलोमीटर फिरली तर महिन्याला दीडशे युनिट खाते, वर्षाला १,८००. त्यासाठी सव्वा किलोवॉट अजून. हिशोब एवढाच.

उत्पादन बारा महिने सारखं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या पावसात ते निम्म्यावर येतं. आणि उलट, मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज होईल असं वाटतं, पण पॅनल तापलं की त्याची क्षमता घटते, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का. भर उन्हात पॅनल साठ अंशांच्या पुढे जातं. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, कमी तापलेले दिवस मेच्या तोडीस तोड वीज देतात.

आता जे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही ते. घरगुती विजेचे दर स्लॅबने चढतात. पहिल्या १०० युनिटचा दर आणि ३००च्या वरचा दर यांत अडीच पटींचा फरक आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरने बनवलेले युनिट तुमच्या वापरातून वजा करायच्या पद्धतीत, ते वजा होतात वरून, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी उडतात. तुमच्या घराचा हिशोब केला तर पहिला किलोवॉट वीज शुल्कासह महिन्याला दोन हजारांच्या आसपास वाचवतो, कारण तो ५०० च्या वरचे युनिट खातो. पाचवा किलोवॉट तेवढेच युनिट देतो, पण ते पहिल्या स्लॅबमधले, म्हणून वाचतात फक्त नऊशे रुपये. सहावा, सातवा (गाडी नसेल तर) जवळजवळ काहीच वाचवत नाहीत. त्यांचे युनिट शिल्लक पडतात आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की वीज कंपनी ते अगदी कमी दराने विकत घेऊन खातं शून्यावर आणते. युनिटला तीन रुपये धरले तरी महिन्याला साडेतीनशे. आणि किलोवॉटमागची पन्नास हजारांची गुंतवणूक मात्र तीच!

३१ मार्च ही तारीख लक्षात ठेवा, आपल्याकडे ती फार गैरसोयीची आहे. नोव्हेंबर ते मार्च एसी बंद, ऊन छान, शिल्लक युनिटचं क्रेडिट साठत जातं. एप्रिलमध्ये एसी सुरू होणार, तेवढ्यात साठलेलं क्रेडिट संपतं. म्हणून "उन्हाळ्यात ८५० युनिट जातात, त्या हिशोबाने बसवा" हा सल्ला ऐकू नका. उन्हाळ्याच्या मापाने बसवलेली सिस्टिम हिवाळ्यात फुकट वीज वाटते. उन्हाळ्यात थोडं बिल आलं तर येऊ द्या.

सबसिडीही याच दिशेने बोलते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. एकूण ७८,०००, आणि तिथेच थांबतं. ३ किलोवॉट बसवा नाहीतर १०, रक्कम तीच. म्हणजे चौथ्यापासून पुढचा प्रत्येक किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून आहे आणि कमावतोही कमी. सबसिडीसाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर लागतात. ते बाहेरच्या सेलपेक्षा महाग पडतात. सबसिडी थेट तुमच्या बँक खात्यात येते, तीही नेट मीटर लागल्यानंतर, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पैसे उभे करायची तयारी ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर डीसीआर पॅनल, साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून वीज कंपनीच्या लाइनला जोडणारा, बॅटरीशिवायचा) आणि कमी उंचीचं स्ट्रक्चर धरून मी पाहिलेली कोटेशनं किलोवॉटला पन्नास ते साठ हजारांत आहेत. पॅनलखाली कपडे वाळत घालता यावेत, गच्ची वापरात राहावी म्हणून आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर किलोवॉटमागे आठ-दहा हजार सहज वाढतात. ७ किलोवॉटला सगळं मिळून चार-सव्वाचार लाख धरा, सबसिडी वजा जाता सव्वातीन ते साडेतीन. कोटेशन जुनं असेल तर जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. सामान आणि काम एकत्र धरलं की पूर्वी एकूण १३.८ टक्के पडायचा, आता ८.९. चार लाखांच्या कामात हा फरक लहान नाही.

साधारण ५४० वॉटचं एक पॅनल साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं, ७ किलोवॉटला तेरा लागतील. गच्ची मोठी असून चालत नाही, सावली नसलेली जागा लागते. डिसेंबरमध्ये एका सकाळी खडू घेऊन वर जा. नऊ वाजता पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली कुठवर येते ती रेघ ओढा. बारा वाजता परत, तीन वाजता परत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, सकाळची सावली टाकीच्या उंचीच्या दुप्पट लांब जाते. त्या रेघांच्या आत पॅनल नको. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांची वीज घसरू शकते. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहणी करून गेलेल्या माणसाने दोन पॅनल नेमकी टाकीच्या वायव्येला दाखवली होती. मे महिन्यात तिथे लख्ख ऊन होतं, डिसेंबरमध्ये साडेदहापर्यंत सावली. नकाशा बदलून घेतला.

स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं, नुसता रंग मारलेला अँगल नको. पॅनल पंचवीस वर्षं टिकेल आणि खालचा लोखंडी पाय पाचव्या पावसात गंजेल, यात काय अर्थ आहे? गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडायची असतील तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी लेखी घ्या, नाहीतर काँक्रीटचे ठोकळे टाकून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसी म्हणजे पॅनलच्या बाजूचा, एसी म्हणजे इन्व्हर्टरनंतरच्या घराच्या बाजूचा, आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाचा वेगळा. बरेच जण एकात उरकतात.

इन्व्हर्टर मात्र एक पायरी मोठा घ्यायला माझी हरकत नाही. आज ५ किलोवॉटचे पॅनल आणि ८ चा इन्व्हर्टर घेतलात तर गाडी आल्यावर तीन-चार पॅनल वाढवता येतील. दोन एमपीपीटी (पॅनलच्या ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) असलेला घ्या, म्हणजे नवी पॅनल वेगळ्या ओळीत जोडता येतील. मंजूर भार (वीज कंपनीने घराला मंजूर केलेले किलोवॉट) कमी असेल तर तो वाढवावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक तपासणीची अट नाही, भारही वीज कंपनीच वाढवून देते. त्यामुळे स्थिर आकार वाढला तर तेवढा बिलात दिसेल.

वीज गेल्यावर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ऑन-ग्रिड सिस्टिम भर दुपारीही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे आणि ती असलीच पाहिजे. बॅकअप हवा तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीही जोडता येणारा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते. १० युनिटची बॅटरी दीड-दोन लाखांच्या घरात जाते. साताऱ्यात दिवसातून तासभर वीज जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर पंखे-दिव्यांना पुरेल. त्याच पैशातून गिझरऐवजी सोलर वॉटर हीटर घ्या. तेवढ्याच गच्चीतून पाणी तापवायला तो पॅनलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतो, आणि हिवाळ्याचे युनिटही कमी होतात.

पैसे देताना शेवटचे दहा टक्के हातात ठेवा. नेट मीटर लागून पहिल्या बिलावर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे छापून आले, ते इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या आकड्यांशी जुळले, की मगच ते द्या.