क्वेका शिकताय? आधी कान तयार करा

चिलीच्या क्वेका या जोडीनं करायच्या नाचात नवशिक्यांचं सगळं लक्ष पायांकडे असतं. चूक मात्र बहुधा कानांची होते. ताल सहाचा आहे, पण कधी दोन तिनांत तर कधी तीन दोनांत ऐकू येतो. 'एक-दोन-तीन-चार' मोजायला लागलात की अडखळलातच. आठवडाभर नुसतं ऐका, टाळ्या द्या.

क्रम कडव्यांवर बांधलेला आहे. वाद्यं वाजत असताना जोडीनं हातात हात घालून फेरफटका मारायचा, मग समोरासमोर उभं राहून टाळ्या. गाणं सुरू झालं की पहिली गिरकी, त्यानंतर अर्धचंद्राकार चाल. पुढचं कडवं आलं की जागांची अदलाबदल आणि जमीन झाडल्यासारखे घासते पाय. पुन्हा अदलाबदल, मग टाचांचा ठेका. शेवटच्या दोन ओळींत अखेरची गिरकी आणि हात पुन्हा हातात. गाणं ऐकलं नाहीत तर गिरकी उशिरा येते आणि जोडीदाराशी टक्कर होते.

रुमाल उजव्या हातात. मनगटातून हलका फिरवा, खांद्यातून नको, नाहीतर माशा हाकलल्यासारखं दिसतं. मध्ये स्पर्श नसतोच. आर्जव, नकार, लटका राग हे सगळं रुमाल आणि नजरेतून. म्हणून पायांकडे बघू नका. कोंबडा-कोंबडीचं प्रियाराधन असा अर्थ अनेक जण लावतात, पण पंख फडफडवायची गरज नाही.

टाचांचा ठेका शेवटी शिका. पुरुष मंडळी तिथूनच सुरुवात करतात आणि मग नुसतीच आदळआपट होते.