एकच प्रोग्राम, सगळे संगणक?

प्रश्न: कुठल्याही संगणकावर प्रोग्राम जसाच्या तसा चालेल, अशी भाषा खरंच असते का?

उत्तर: पूर्णपणे नाही. 'सी' या प्रोग्रामिंग भाषेतला माझा हिशेबाचा प्रोग्राम ६४-बिट लिनक्सवर बिनचूक चालायचा. ६४-बिट विंडोजवर मोठ्या बेरजा चुकल्या. दोन रात्री शोधलं. 'लाँग' हा पूर्णांक साठवायचा प्रकार लिनक्सवर आठ बाइटचा, विंडोजवर चारचा! 'सी'चं प्रमाणक किमान ३२ बिटांचीच, म्हणजे चार बाइटांचीच, हमी देतं. आठ बाइट मीच गृहीत धरले होते. १९९५ साली आलेल्या जावाने हे आकार भाषेतच पक्के केले, हे मला फार मोलाचं वाटतं. पण फाइलच्या नावातली लहान-मोठी रोमन अक्षरं लिनक्स वेगळी मानतं, विंडोज सहसा नाही; तिथे जावाही हतबल. म्हणून प्रत्येक बदल मी दोन्हींकडे चालवून पाहते.