भावाने मृत्युपत्र दाखवून जमिनीचा फेरफार टाकलाय, बहिणींनी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून: परभणी जिल्ह्यात 4 एकर, वडील वारले, आई आहे. भावाने 100 रुपयांच्या बाँडवरचं नोटरी केलेलं मृत्युपत्र देऊन सगळी जमीन स्वतःच्या नावे लावायचा अर्ज केलाय आणि तुम्हा दोघी बहिणींना तलाठ्याची नोटीस आलीय. वकील आत्ताच लावायचा का, हा प्रश्न. माझं मत: आधी हरकत, मग कागद, वकील त्यानंतर.

हरकतीला 15 दिवस असतात. साध्या कागदावर गट नंबर, फेरफार क्रमांक आणि ‘मृत्युपत्र आम्हाला मान्य नाही, सर्व वारसांची नावे लावावीत’ एवढं लिहून तलाठ्याला द्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). दुसऱ्या प्रतीवर तारीख-सहीची पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे हरकत नव्हे. लेखी हरकत आली की नोंद विवादग्रस्त ठरते आणि दोन्ही बाजूंची सुनावणी घ्यावी लागते. फेरफार आधीच मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं. तेही हुकलं तरी हक्क बुडत नाही, कारण सातबारा महसुली नोंद आहे, मालकी तो ठरवत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं, हे दिवाणी न्यायालयच ठरवतं.

आता मृत्युपत्राची नक्कल मागा आणि नीट बघा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही, नोंदणीही सक्तीची नाही, त्यामुळे बाँड आणि नोटरीच्या शिक्क्याने त्याचं वजन वाढत नाही. लागतात त्या वडिलांची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. बाँडच्या मागे मुद्रांक विक्रेत्याचा अनुक्रमांक, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. बाँड मृत्युपत्राच्या तारखेनंतर विकला गेला असेल, तर भावाला उत्तर देणं अवघड जाईल. वडील त्या दिवशी दवाखान्यात होते का? असतील तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. सही करणारे वडील अंगठ्यावर कसे आले, साक्षीदार भावाच्या सासरचेच कसे, असे प्रश्न कोर्टात विचारले जातात. मृत्युपत्र सिद्ध करायची जबाबदारी भावावर आहे आणि साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी पिंजऱ्यात उभं करावं लागतं.

दुसरा शोध जमिनीचा घ्या, ती वडिलांकडे कशी आली याचा. इथेच बरेच जण फसतात. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच, असं नसतं. आजोबांनी ती स्वतः खरेदी केली होती, ते 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले आणि वारसाने ती वडिलांना आली, तर ती वडिलांची स्वतःची धरली जाते आणि ते मृत्युपत्राने ती कुणालाही देऊ शकतात. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाची असेल तर वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो. तुमच्या घरात वडील, आई, भाऊ, दोन बहिणी असे पाच हिस्से. 160 गुंठ्यांत प्रत्येकी 32. मृत्युपत्र खरं ठरलं तरी भावाला 64 गुंठे, आई आणि तुम्हा दोघींना 32-32. खोटं ठरलं तर चौघांना 40-40. मुलीचा हा हक्क जन्माने आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी त्याने मोडत नाही. (हे हिंदू कुटुंबापुरतं. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते.)

यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954-55 चं खासरा पत्रक (तेव्हाच्या जमीन पाहणीची नोंद) आणि तेव्हापासूनचे सगळे फेरफार काढा. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत निघतात, ते वाचणारा जाणकार आधी गाठा. जुन्या सातबाऱ्यावर कुणाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसलं तर खूण करून ठेवा. जमीन एकत्र कुटुंबाची होती याला त्याचा आधार मिळतो.

हे हातात घेऊन वकिलाकडे जा आणि वाटणी-ताब्याचा दावा, सोबत विक्रीला तात्पुरती मनाई मागा. दुसरीकडे रेंगाळलात तरी मनाईत रेंगाळू नका, जमीन तिसऱ्याला विकली गेली की गुंता वाढतो. फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. महिलेला उत्पन्नाची अट नाही. वकील मिळतो, कोर्ट फीही समिती भरते. हेल्पलाइन 15100.

एक सांभाळा. वारस लावायला सही हवी म्हणून कुणी दुय्यम निबंधक कार्यालयात नेत असेल तर जाऊ नका. वारस नोंदीला तिथे जावं लागत नाही. तिथे होतं ते हक्कसोडपत्र. साडीचोळी आणि माहेर तुटण्याची भीती, दोन्ही त्याच दिवशी पुढे येतात. एकदा नोंदलं की ते मोडायला वेगळा दावा लागतो. तडजोड करायचीच असेल तर लोकअदालतीत करा आणि त्यात गट नंबर, गुंठे आणि चतुःसीमा लिहून घ्या; तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.