कपाटातली वही

पत्र वडोदऱ्याचं आहे, दांडिया बाजारातून. मुलगी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि येत्या डिसेंबरात अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करणार आहे. जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी का, दागिने गहाण ठेवायला निघालेल्या आईला बाबांमागे एकटी टाकून जावं का, असं चार पानं विचारलंय. एसओपी, म्हणजे हे शिक्षण का घ्यायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, एक कन्सल्टंट लिहून देतोय, शिफारसपत्रं वर्गावर शिकवणारे तीन सर देणार आहेत. आणि शेवटी एक ओळ: "मॅडमच्या लॅबमध्ये शेकरवरच्या फ्लास्कमधला कापडाचा रंग जिवाणूंनी तीन महिने उतरवलाच नाही, म्हणून मार्चपासून गेले नाही, वही तेवढी तिथं कपाटात राहिलीय."

अगं पोरी, मी त्या वहीपाशीच थांबले.

बाकीचं पटकन सांगते. जीआरई मागणं पुष्कळ विभागांनी अलीकडे सोडलंय. जिथं अर्ज करणार तिथलं बघ आणि मागत असतील तरच दे. विज्ञानातल्या पीएचडीला तिकडे बहुतेक ठिकाणी फी भरावी लागत नाही, वर दरमहा स्टायपेंड मिळतो, तेव्हा दागिने डब्यातच राहू देत. आणि आईचं नाव पुढं करू नकोस. जी बाई दागिने काढून बसलीय, तिचं ठरलंय. पाय तुझा अडखळतोय, आणि तो विमानतळावर नाही, लॅबच्या दारात.

सर पत्र देतील, नाही कोण म्हणतंय? पण त्यांनी तुला बाकावर बसलेली पाहिलंय. लिहिणार काय? नियमित, अभ्यासू, पहिल्या पाचांत. पीएचडीला घेणाऱ्यांना हवं असतं ते वेगळं: काम फसलं तेव्हा ही मुलगी काय करत होती? ते एकाच माणसाने पाहिलंय आणि तिलाच तू सहा महिने तोंड चुकवतेयस. ते पत्र तुझ्या हातात येणारही नाही. मॅडमना मेलवर लिंक जाते, त्या परस्पर पत्र चढवतात. म्हणजे लिहिणारीला तू आठवायला हवीस.

आणि फसलं म्हणजे काय गं? मी एकतीस वर्षं शिकवलंय, म्हणून विचारते. कापडाचे अ‍ॅझो जातीचे रंग तोडणाऱ्या पुष्कळ जिवाणूंना ते काम करताना हवा चालत नाही. शेकरवर फ्लास्क हलत राहिला की ऑक्सिजन मिसळत राहतो आणि रंग तसाच राहतो. तेच कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, टेबलावर न हलवता ठेवलं तर उतरतो. तुझे रंग अ‍ॅझो होते का? एखादी टेस्ट ट्यूब स्टँडमध्ये तशीच राहून गेली होती का, तळाशी फिकी पडलेली? तू तेव्हा "चुकून राहिली" असं लिहून पान उलटलं असशील. मला इथून दिसत नाही, तुलाही आठवणार नाही. वहीत असेल. आणि नसेल तर ती ट्यूब आता लावता येते, डिसेंबरला वेळ आहे.

तो कन्सल्टंट "लहानपणापासून विज्ञानाची ओढ" असं लिहून देईल. त्याचे पैसे वाचव. तीन महिने रंग का उतरला नाही आणि मग तू काय करून पाहिलंस, ही तुझी एसओपी आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही.

उद्या सकाळी जा. नवरात्र बसलं की विभागात कुणी धड सापडत नाही. विश्वामित्रीचा पूल ओलांडलास की काळा घोडा, तिथून पुढे तुझे पाय तुला नेतील. फोन करू नकोस, मेसेज तर नकोच. फोनवर तू कारणं सांगशील. दारात उभी राहा आणि म्हण, "मॅडम, मी मार्चमध्ये घाबरून पळाले." त्या ओरडतील. ओरडू देत, ऐकून घे.

आणि वही घरी आणू नकोस, ती लॅबची असते. तिथंच स्टुलावर बस, मार्चच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मार आणि उद्याची तारीख घाल.